वाचकांचे प्रश्न : पिशवीला सूज आलीये, काढूनच टाकू का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय ३१, दोन मुलं आहेत. चार महिने झाले ओटीपोटात दुखतंय, कंबर धरते, अंगावरून पांढरं जातं आणि त्याला वास येतो. संबंधाच्या वेळी आत खूप दुखतं म्हणून मी टाळते, त्यावरून घरात कुरबुर. सासूबाई म्हणाल्या उष्णता वाढलीये, सब्जा नि गुलकंद खाऊन झालं. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून थांबवल्या, महिन्याभरात परत तेच. आता एका डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं की पिशवी मोठी झालीये, सूज आहे, मुलं झालीत ना, मग काढून टाका. काय करू?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, पिशवी काढायला एवढ्यात हो म्हणू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला पहिली शंका येते ती इन्फेक्शनची, ज्याला आम्ही पीआयडी म्हणतो. म्हणजे खालच्या मार्गातले जंतू पिशवीच्या तोंडातून वर चढतात आणि पिशवीचं अस्तर, गर्भनळ्या, कधी कधी बीजकोष इथपर्यंत पोचतात आणि तिथे सूज येते. क्लॅमिडिया आणि गोनोरिया हे संबंधातून येणारे जंतू हे एक मोठं कारण, पण ते एकच नाही, योनीत एरवी थोडेफार असणारे जंतू बेसुमार वाढले की तेही वर जातात, आणि बाळंतपण, गर्भपात किंवा क्युरेटिंगनंतरही हे होऊ शकतं. उष्णतेशी याचा काही संबंध नाही, सब्जाने जंतू मरत नाहीत, सासूबाईंनी काळजीपोटी सांगितलं असेल पण त्यात तुमचे दिवस गेले.

सोनोग्राफीचं म्हणाल तर दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच, रिपोर्टमध्ये 'बल्की' लिहून येतं आणि बाई घाबरून जाते. उलट पीआयडी असून सोनोग्राफी अगदी नॉर्मल येणं हेही नेहमीचं. हा आजार मुख्यतः आतून तपासून कळतो, पिशवीचं तोंड हलवल्यावर दुखतं का, बाजूला हात लावल्यावर दुखतं का ते बघावं लागतं. कुणी तपासलं का तुम्हाला? तुम्ही फक्त सोनोग्राफीचंच लिहिलंय म्हणून विचारते. जाल तेव्हा लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट आधी करून घ्या, पाळी चुकलेली नसली तरी, कारण नळीत गर्भ राहिला तरी असंच दुखतं आणि तो जिवावर बेततो. पिशवीच्या तोंडाची कॅन्सरसाठीची तपासणीही त्याच वेळी उरकून घ्या.

औषध साधारण असं असतं, एक इंजेक्शन आणि दोन प्रकारच्या गोळ्या, डॉक्सीसायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल, दिवसातून दोनदा, पूर्ण १४ दिवस. तुमचं घोडं अडलं ते इथेच. तीन दिवसांत दुखणं कमी होतं पण जंतू संपलेले नसतात. तोंडाला कडवट चव येईल, मळमळेल, तरी सोडू नका, गोळी जेवून भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका. हे वाचून परत मेडिकलमधून मात्र आणू नका हं, दिवस राहिलेले असतील तर यातलं डॉक्सीसायक्लिन चालत नाही. सरकारी दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक म्हणून असतं, तिथे या दुखण्यासाठी पिवळ्या रंगाचं गोळ्यांचं किट फुकट मिळतं. सुरू केल्यावर तीन दिवसांनी परत दाखवायचं, फरक नसेल तर निदान किंवा औषध बदलावं लागतं. जोराचा ताप आला, उलट्या थांबेनात, चक्कर यायला लागली किंवा दुखणं एकदम वाढलं तर मात्र थांबायचं नाही, लगेच मोठं हॉस्पिटल गाठायचं. नळीत पू साठला असेल तर अ‍ॅडमिट करून शिरेतून औषधं द्यावी लागतात, क्वचित ऑपरेशनही लागतं.

राहिली पिशवी. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या होत्या, आठवत असेल, कोवळ्या वयात पिशव्या काढलेल्या कितीतरी जणी निघाल्या. अंगावरून जातंय, पोट दुखतंय, मग काढा! ज्या दुखण्याला बऱ्याचदा दोन आठवड्यांच्या गोळ्या पुरतात त्यासाठी हे, मला अजून त्रास होतो आठवून. बीजकोषही काढले तर तिशीतच पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, आणि नुसती पिशवी काढली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. म्हणून आधी पूर्ण कोर्स, मग परत तपासणी, आणि तरीही ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच.

आणि चार महिने अंगावर काढलंत त्याबद्दल तुम्हाला बोल लावत नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ मध्ये तो अभ्यास छापून आला, ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला आणि आधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्याला इतकी वर्षं झाली तरी माझ्यासमोर बसलेली बाई अजून 'पांढरं जातं' हे शेवटी, उठता उठता सांगते.

प्रश्न : बायकोला पीआयडीचं औषध चालू आहे. डॉक्टरांनी मलाही गोळ्या दिल्यात. मला काहीच त्रास नाही, मग मी का घ्यायच्या? तिला वाटतंय मी तिच्यावर संशय घेतोय आणि मला वाटतंय ती माझ्यावर.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दादा, घ्या. पुरुषाला क्लॅमिडिया असला तरी पुष्कळदा कसलंच लक्षण दिसत नाही, ना जळजळ ना स्राव, आणि तुम्ही औषध घेतलं नाही तर ती बरी होईल आणि तुमच्याकडून तिला परत लागण होईल. दोघांचा कोर्स पूर्ण होऊन तिचं दुखणं थांबेपर्यंत संबंध नकोत. संशयाचं म्हणाल तर हा जंतू शरीरात कित्येक महिने गुपचूप राहू शकतो, आणि पीआयडी दरवेळी संबंधातूनच येतो असंही नाही, त्यामुळे कुणामुळे हे शोधत बसू नका. दोघं मिळून डॉक्टरांसमोर बसा, एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही दोघांची एकदमच करून टाका.

प्रश्न : लग्नाला चार वर्षं झाली, दिवस राहत नाहीत. एक्सरेमध्ये दोन्ही नळ्या बंद दिसल्या. डॉक्टर म्हणतात जुनं इन्फेक्शन असेल, पण मला कधी काही झालंच नाही!
— एक वाचक, नाशिक

उत्तर : झालं असेल आणि कळलं नसेल, हा आजार तसा मुका राहू शकतो. स्वीडनमधल्या लुंड इथे दुर्बिणीतून पीआयडीचं निदान झालेल्या बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यात एकदा पीआयडी झालेल्यांपैकी ८ टक्के जणींच्या नळ्या खराब होऊन मूल होण्यात अडचण आली, दोनदा झालेल्यांत जवळपास २० टक्के, तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांत ४० टक्के. आपल्याकडे आणखी एक कारण विसरून चालत नाही, पिशवीचा आणि नळ्यांचा टीबी. खोकला नाही, ताप नाही, पाळी कमी झालेली किंवा तीही व्यवस्थित, आणि नळ्या मात्र बंद. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला का ते विचारा, टीबी निघाला तर सहा महिन्यांचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण एकदा खराब झालेल्या नळ्या त्याने उघडतीलच असं नाही, हे आधीच सांगते. आणि एक्सरेत बंद दिसलेली नळी कधी कधी नुसती आकसलेली असते, म्हणून दुर्बिणीतून खात्री करायची का हेही विचारा. खरंच बंद असल्या तर आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा रस्ता उरतो, त्यात नळ्यांची गरज पडत नाही. दिवस राहिले की मात्र लवकर, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना ते बघून घ्या, आयव्हीएफने राहिले असले तरीसुद्धा.