द्रव सोडियमच्या डायनॅमो प्रयोगांत (म्हणजे वाहत्या धातूतून आपोआप चुंबकीय क्षेत्र उभं करण्याच्या प्रयोगांत) टर्ब्युलन्समुळे चुंबकीय क्षेत्र वाढतं की मरतं?

बहुतेक वेळा टर्ब्युलन्स, म्हणजे प्रवाहातली खळबळ, मोठ्या क्षेत्राच्या मुळावरच येते: क्षेत्ररेषा विस्कटून ती धातूची प्रभावी विद्युतवाहकता घटवते आणि डायनॅमो सुरू व्हायला जास्त वेग लागतो. टाळावी म्हटलं तर टाळताही येत नाही. सोडियममध्ये प्रवाहाची गती घर्षणाने जितक्या लवकर विरते, त्याच्या लाखपटीहून लवकर चुंबकीय क्षेत्र विरतं. क्षेत्र टिकेल इतक्या जोराने ढवळलं की प्रवाह खळबळणारच. रिगा (लाटव्हिया) आणि कार्ल्सरूह (जर्मनी) इथल्या प्रयोगांनी १९९९ मध्ये प्रवाहाला नळ्यांची शिस्त लावून ही अडचण बरीचशी चुकवली. २००६ मध्ये फ्रान्समधल्या कादाराशच्या व्हीकेएस (फॉन कारमान सोडियम) प्रयोगात मात्र दोन पंख्यांनी ढवळलेल्या, चांगल्याच खळबळत्या सोडियममध्ये क्षेत्र उभं राहिलं. गंमत म्हणजे नुसत्या सरासरी प्रवाहाच्या गणिताने विषुववृत्तीय द्विध्रुव (पंख्यांच्या अक्षाला आडवं, दोन ध्रुवांचं क्षेत्र) सांगितला होता, निघाला अक्षाच्या दिशेचा. दोन्ही पंखे वेगवेगळ्या वेगाने फिरवले की त्याची दिशा अधूनमधून आपोआप उलटायची. पण याचं श्रेय एकट्या खळबळीला देऊ नका: ते पंखे मऊ लोखंडाचे होते, स्टेनलेस स्टीलचे लावल्यावर तिथे डायनॅमो सुरूच झाला नव्हता.