‘आक्रमक फळमाशी’: माशी कोणती, आक्रमक कुठे?

म्हापशाहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे: ‘आक्रमक फळमाशीचा जीनोम उलगडला’ अशी बातमी वाचली. ही फळमाशी म्हणजे पिकल्या केळ्यांवर जमणारं चिलटच ना? आणि माशीला ‘आक्रमक’ म्हणणं बरोबर आहे का?

आधी माशीचं बघू. मराठीत ‘फळमाशी’ हा एकच शब्द दोन वेगळ्या कुळांतल्या माश्यांना वापरला जातो. केळ्यांवर जमते ती ड्रोसोफिला. लांबी दोन-तीन मिलिमीटर, डोळे लाल. तिला चांगल्या फळात रस नसतो. आंबलेल्या फळावर वाढणारं यीस्ट हे तिचं अन्न. शाळेत आनुवंशिकतेच्या धड्यात भेटते तीही हीच, आणि तिचा जीनोम, म्हणजे तिच्या सगळ्या डीएनएचा आराखडा, २००० सालीच प्रसिद्ध झाला.

मानकुराद आंब्याच्या बागेतली फळमाशी निराळी. तिचं नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. ती घरमाशीएवढी असते. छाती काळपट आणि तिच्या दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण, पारदर्शक पंखांच्या पुढच्या कडेला गडद रेघ. मादी पक्व होत आलेल्या फळाच्या सालीत अंडनलिका टोचून आत अंडी घालते. बाहेर सुईच्या टोकाएवढा डाग तेवढा दिसतो, त्यातून कधी चीक येतो. अळ्या आतला गर खातात, फळ गळून पडतं, आणि पूर्ण वाढलेल्या अळ्या मातीत शिरून कोशात जातात. म्हणून गळलेली फळं झाडाखाली राहू देणं म्हणजे माशीची पुढची पिढी पोसणं.

नावाचा हा घोळ बागेत महागात पडतो. व्हिनेगरच्या वाटीत चिलटं बुडतात, पण त्या वाटीने बागेतली फळमाशी आटोक्यात येत नाही. आंबा, पेरू, चिकूसाठी मिथाइल युजेनॉल या नरांना ओढणाऱ्या रसायनाचा सापळा लागतो. कारली-दोडक्याच्या मांडवात तोच सापळा टांगला तर उपयोग नाही. तिथली माशी वेगळ्या जातीची, तिला क्यू-ल्यूर हे दुसरं आमिष लागतं. दोन्ही सापळ्यांत फक्त नर अडकतात. फळं पिकायला लागल्यावर सापळे लावले तर मिलन होऊन गेलेल्या माद्या अंडी घालतच राहतात, आणि बागायतदार दोष सापळ्याला देतो. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: ड्रोसोफिलाला चिलट म्हणावं आणि ‘फळमाशी’ हा शब्द फळ टोचणाऱ्या माशीसाठी राखून ठेवावा. अपवाद एकच सांगतो. ड्रोसोफिला सुझुकी हे चिलट असूनही मादीच्या करवतीसारख्या अंडनलिकेने झाडावरची ताजी चेरी, स्ट्रॉबेरी चिरतं. २००८च्या सुमारास ते अमेरिका आणि युरोपात पोचलं. बातमी त्याची असेल तर ‘फळं चिरणारं चिलट’ असं खुलासेवार लिहावं.

आता ‘आक्रमक’. मराठीत आक्रमक असतो फलंदाज, नाहीतर विरोधी पक्ष. तो शब्द स्वभाव सांगतो. इथे मात्र सांगायचं असतं ते वेगळंच: मूळ प्रदेश सोडून दुसरीकडे शिरली आणि तिथे नुकसान करत पसरली. म्हणजे स्थळ सांगितल्याशिवाय या शब्दाला अर्थच येत नाही. बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस मूळची आशियातली. गोव्यात ती उपद्रवी आहे, पण परकी नाही. आफ्रिकेत मात्र परकी आहे. २००३ साली ती केनियात सापडली तेव्हा वेगळी जात समजून २००५ साली तिला बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स, म्हणजे ‘घुसणारी’, असं नावच दिलं गेलं. पुढे शरीररचना, डीएनए आणि आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या माश्यांचा आपसांतला संकर तपासल्यावर ती आपल्याकडचीच निघाली, आणि २०१५ साली ते नाव रद्द झालं.

कोण कुठून आलं हे जीनोमवरून ठरवतात ते असं. नव्या प्रदेशात बहुधा थोड्याच माश्या पोचतात, त्यामुळे त्यांच्या वंशात डीएनएची विविधता कमी दिसते. मूळ प्रदेशात ती भरपूर असते. ठिकठिकाणचे नमुने ताडून पाहिले की वाटेचा माग लागतो.

‘जीनोम’साठी ‘जनुकसंच’ लिहितात, ते मला अपुरं वाटतं. जीनोम म्हणजे सगळा डीएनए. प्रथिनांचा नमुना सांगणारा भाग त्यात थोडाच असतो. ‘जीनोम’ मराठीत रुळला आहे, तोच ठेवावा. एखाद्या जनुकाबद्दल लिहिताना ‘जनुक’ म्हणावं. उदाहरणार्थ, कोश तपकिरीऐवजी पांढरा करणारा बदल कोणत्या जनुकात आहे ते २०२१ साली या माशीत आणि तिच्या दोन नातलगांत सापडलं. त्यांतल्या एकीच्या, भूमध्य फळमाशीच्या, खास पैदाशीत माद्यांचे कोश पांढरे आणि नरांचे तपकिरी असतात. रंगावरून ते वेगळे ओळखता येतात आणि वंध्य केलेले नर तेवढे शेतात सोडले जातात, म्हणजे त्यांच्याशी मिलन झालेल्या माद्यांची अंडी फुकट जातात.

बातमीचा मथळा मी असा केला असता: ‘आफ्रिकेत शिरलेल्या आशियाई फळमाशीचा जीनोम उलगडला’. बातमी दुसऱ्या देशाची असेल तर त्या देशाचं नाव घालावं, आणि ‘आक्रमक’ काढून टाकावं.