उरलेली अर्धी देऊ नका, दिलेली लपवू नका

"अकरा वर्षांची लॅब्राडोर कुत्री लंगडते, काल आपली अंगदुखीची अर्धी गोळी दिली, आज बरी वाटतेय, उरलेली अर्धी देऊ का?" ताई, हे वाचून पोटात गोळाच आला. चार वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं.

देऊ नका. मी डॉक्टर नाही, पण तिला आजच व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या, आणि जाताना गोळीची स्ट्रिप घेऊन जा.

आमचा कुत्रा २८ किलोचा. गोळीत आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. वजन अर्धं म्हणून गोळी अर्धी, असा माझा हिशोब. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दिली. कुत्र्याच्या शरीरात आयबुप्रोफेन पित्तातून आतड्यात उतरतं आणि तिथून पुन्हा रक्तात शोषलं जातं, त्यामुळे ते लवकर बाहेर पडत नाही, हे मला नंतर कळलं. जठराच्या अस्तराला आणि किडनीच्या रक्तपुरवठ्याला सांभाळणारी द्रव्यंच ही औषधं कमी करतात.

पण मला महागात पडली ती गोळी नव्हे, माझी लाज. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही दिलंय?" मी म्हणालो, "नाही." त्यांनी बिचाऱ्यांनी मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं. म्हणजे एकाच जातीची दोन औषधं एकावर एक. खरं सांगितलं असतं तर त्यांनी काही दिवस मध्ये जाऊ दिले असते.

शुक्रवारी शी डांबरासारखी काळी, म्हणजे पोटात रक्तस्राव होत असल्याची खूण. दवाखान्यात फोन केला तर तिकडून उत्तर, "लिव्हर खाल्लं असेल, सोमवारी आणा." घरात लिव्हर शिजलंच नव्हतं! तरी मी थांबलो. रविवारी कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. दुसऱ्या दवाखान्यात चार दिवस सलाईन, रक्तात किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं. वाचला, पण किडनीचं पथ्य शेवटपर्यंत सुटलं नाही. फोनवर शीचं निदान करणाऱ्यांबद्दल अजून बरंच बोलता येईल, जाऊ दे.

मेलॉक्सिकॅम कुत्र्यांनाही देतात, म्हणून केमिस्टकडून माणसाची आणू नका. आमच्याएवढ्या कुत्र्याला पहिल्या दिवसानंतर रोज साधारण २.८ मिलिग्रॅम बसतं, माणसाची गोळी साडेसात किंवा पंधराची. डोस व्हेटनंच ठरवायचा. स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉल कुलुपातच ठेवा, एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते.

आणि हो, गुळगुळीत फरशीवर जुनी सतरंजी अंथरा. आमच्याच्या लंगडण्याचं निम्मं कारण ती फरशीच निघाली.