श्वासपटल छातीखाली, चेता मात्र मानेतून

प्रश्न : बिबट्याचे श्वासपटल (श्वासोच्छ्वास घडवणारा स्नायूंचा पडदा) छाती आणि पोट यांच्यामध्ये असते, मग त्याला हालवणारी चेता (नस, म्हणजे नर्व्ह) मानेतून का येते?

उत्तर : याचे कारण गर्भावस्थेत सापडते. श्वासपटलाचा मूळ पडदा गर्भात मानेच्या पातळीवर तयार होतो आणि नंतर शरीराच्या मागच्या बाजूला सरकताना आपली चेताही सोबत ओढत नेतो. माणसात ही चेता मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जाचेतांपासून (मज्जारज्जूतून निघणाऱ्या चेतांपासून) बनते, तर मार्जारांमध्ये, निदान जिचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे त्या घरमांजरीत, मुख्यतः पाचव्या व सहाव्यापासून. छाती उघडल्यावर ती हृदयावरणाच्या कडेने जाणाऱ्या पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. उजवीकडची पुढे पश्च महाशिरेला (शरीराच्या मागील भागातले रक्त हृदयाकडे आणणाऱ्या मोठ्या शिरेला) बिलगून जाते. श्वासपटलाशी पोहोचल्यावर तिच्या शाखा उरोस्थी (छातीचे मधले हाड), फासळ्या आणि कंबरेचे मणके यांकडील स्नायूंत पसरतात. चेतेचा उगम असा मानेत असल्यामुळेच वाहनाच्या धडकेत पाठीचा कणा मोडून मागचे पाय लुळे पडलेला बिबट्या श्वास घेत राहतो, इजा मानेच्या वरच्या भागात, मेंदू आणि या चेतेचा उगम यांच्या मधे झाली, तर मात्र मेंदूचा आदेश श्वासपटलापर्यंत पोहोचतच नाही.