अकरा सर्टिफिकेशन्स आणि एक रकाना

"मॅडम, यातलं कुठलं करू तेवढं सांगा," म्हणत त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एक्सेल शीटमध्ये ११ सर्टिफिकेशन्स, पुढे फी, वैधता आणि शेवटच्या रकान्यात 'स्कोप'. अकराच्या अकरा ओळींत 'हाय' लिहिलेलं.

हिंजवडीत जावा या प्रोग्रामिंग भाषेवर साडेचार वर्षं काम केलेला मुलगा. टीममधल्या दोघांनी कंपनी बदलली, दोघांच्या प्रोफाइलवर क्लाउड सर्टिफिकेशनचे बॅज, आणि याची झोप उडाली. कुठलं सर्टिफिकेट केलं की स्विच मिळेल, हे विचारायला माझ्याकडे महिन्याला दोघं-तिघं येतातच.

"याआधी एखादं केलंय?"

केलं होतं. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडचं डेव्हलपर असोसिएट, १५० डॉलर पदरचे घालून. मग मुलाखतीत विचारलं, लॅम्डा फंक्शन (एडब्ल्यूएसवर गरजेपुरता चालणारा कोडचा तुकडा) जास्तीत जास्त किती वेळ चालतं? १५ मिनिटं, याने पटकन सांगितलं. "आणि तुमचं काम ४० मिनिटांचं असेल तर?" तिथे गाडी अडली. "डम्पमध्ये पहिलाच प्रश्न होता हो," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. डम्प म्हणजे फुटलेल्या प्रश्नांची पीडीएफ. ती पाठ करून परीक्षा निघते, आणि पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्दही होतं.

शीट बंद करायला लावली. ऑफिसात कुठल्या कामासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, असं विचारलं. उत्तर लगेच आलं: डिप्लॉयमेंट, म्हणजे लिहिलेलं सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालू करणं. याची स्प्रिंग बूटची (जावातली) सर्व्हिस कुबरनेटीसवर, म्हणजे सर्व्हरांवर ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या व्यवस्थेवर चालते, पण त्याच्या फायली डेव्हऑप्सवाले, म्हणजे ती व्यवस्था सांभाळणारी टीम, लिहितात. रात्री पॉड पडला की हा तिकीट टाकून वाट बघतो. (पॉड म्हणजे कुबरनेटीसवर चालणारी ॲप्लिकेशनची एक प्रत, हे मला त्या दिवशी त्याच्याकडूनच कळलं.)

मग खरोखर जावंसं वाटेल अशा पाच नोकऱ्यांच्या जाहिराती त्याला काढायला सांगितल्या आणि पेनाने खुणा करत बसलो. चारांत कुबरनेटीस होतं. सर्टिफिकेटचा उल्लेख एकीतच, तोही 'असल्यास उत्तम' म्हणून.

म्हणजे सर्टिफिकेट फुकट, असं मात्र मी म्हणत नाही. क्लाउड कंपन्यांच्या पार्टनर असलेल्या सर्व्हिस कंपन्यांना सर्टिफाइड माणसं दाखवावीच लागतात, त्यामुळे पुष्कळदा फी त्याच भरतात. याने मॅनेजरला ते कधी विचारलंच नव्हतं! त्याचा मला जरा रागच आला.

शेवटी त्याने सीकेएडी निवडलं, कुबरनेटीसवर ॲप्लिकेशन चालवणाऱ्या डेव्हलपरसाठीचं. दोन तास टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या स्क्रीनवर) प्रत्यक्ष करून दाखवायचं, अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडायची मुभा, पास व्हायला ६६ टक्के. पर्यायांवर टिक करायची सोय नाही, म्हणून पाठांतराच्या सवयीला हे बरं, असं मला वाटलं. मी एकच अट घातली: फी भरण्याआधी टीम लीडकडून स्वतःच्या सर्व्हिसची डिप्लॉयमेंट फाइल लिहायला मागून घ्या.

फाइल मिळायला महिना गेला. पहिल्या प्रयत्नात वेळ पुरला नाही, नापास. त्याच फीमध्ये दुसरा प्रयत्न मिळतो, तो अजून द्यायचाय.

परवा त्याचा मेसेज आला. रात्री पॉड पडला, तिकीट टाकण्याआधी त्याने स्वतः पाहिलं, मेमरी लिमिट कमी ठेवलेली निघाली. शीटबद्दल त्याने काही लिहिलं नव्हतं, मीही विचारलं नाही.