वाचकांचे प्रश्न : दिवाळीत न्हा ट्रांगला जावे का?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे, सहा व अकरा वर्षांची मुले आणि माझ्या सासूबाई असे पाच जण व्हिएतनाममधील न्हा ट्रांग या किनाऱ्यावरील गावी आठवडाभर राहण्याचा विचार करीत आहोत. सासूबाई शुद्ध शाकाहारी असून त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. मुलांचे सारे लक्ष समुद्राकडे आहे. ही निवड योग्य ठरेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गावाची निवड उत्तम आहे, महिन्याची नाही. जून ते ऑगस्ट या काळात नैर्ऋत्येकडून येणारे पावसाळी वारे त्रुओंग सोन डोंगररांगेच्या पश्चिमेकडेच बरेचसे रिते होतात आणि पूर्व किनाऱ्यावरचे न्हा ट्रांग, सह्याद्रीआडच्या देशासारखे, बहुतांशी कोरडे राहते. ऑक्टोबरच्या सुमारास वारे फिरून ईशान्येकडून, समुद्रावरून येऊ लागले की त्याच गावाचे कोकण होते. ऑक्टोबर व नोव्हेंबर हे तेथील सर्वाधिक पावसाचे महिने असतात. समुद्र खवळलेला असतो आणि बेटांवर जाणाऱ्या बोटी अनेकदा बंद ठेवाव्या लागतात. खिडकीतून लाटा पाहण्यासाठी पाच जणांचे विमानभाडे भरणे मला तरी पटत नाही.

सहल मे महिन्यापर्यंत पुढे ढकलता आली तर फार बरे. मात्र ३० एप्रिल व १ मे या तेथील राष्ट्रीय सुट्ट्यांमुळे त्या आठवड्यात देशभरातील कुटुंबे किनाऱ्यांवर लोटतात, म्हणून त्यानंतरचे दिवस निवडावेत. दिवाळीतच निघायचे असेल, तर फू क्वोक बेटाचा विचार करावा. तेथील कोरडा हंगाम साधारणपणे नोव्हेंबरात सुरू होतो, आणि व्हिएतनाममध्ये अन्यत्र कोठेही न जाता थेट बेटावर उतरून तेथूनच परतणाऱ्यांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. न्हा ट्रांगसाठी मात्र ई-व्हिसा घ्यावा लागतो. एकदाच प्रवेश देणाऱ्या ई-व्हिसाचे शुल्क २५ डॉलर आहे आणि तो लहान मुलांनाही स्वतंत्र काढावा लागतो. अर्जात वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव पासपोर्टवर ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने भरावे. आपल्याकडच्या तीनपदरी नावांचा घोळ नेमका येथेच होतो.

गावालगतच्या किनाऱ्याबद्दल एक सूचना महत्त्वाची आहे. वाळू सुंदर असली तरी तिचा उतार तीव्र आहे, त्यामुळे काही पावलांतच पाणी मोठ्या माणसाच्या छातीला लागते. धाकट्याला क्षणभरही एकटे सोडू नये आणि लाल बावटा असेल तेथे कोणीच उतरू नये. उथळ पाण्यात मनसोक्त खेळण्यासाठी उत्तरेकडील डॉक लेटचा किनारा अधिक चांगला. त्यासाठी गाडी करून दिवसभराचा बेत आखावा. स्थानिक लोक भल्या सकाळीच समुद्रस्नान उरकून घरी परततात. मे महिन्यात आपणही तोच शिरस्ता पाळावा, कारण नऊनंतरचे ऊन सोसवत नाही. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते, तेव्हा पहिले एक-दोन दिवस मुलांना उठवणे जड जाईल.

हॉटेल ‘समुद्रासमोर’ असले तरी बहुधा मध्ये त्रान फू हा रुंद रस्ता असतो आणि दुचाकींचा लोंढा पांढऱ्या पट्ट्यांपाशी थांबेलच असे नाही. रस्ता ओलांडताना धावू नये, मध्येच मागे फिरू नये. एकाच संथ चालीने पुढे जात राहिले की दुचाक्या आपल्याला वळसा घालून जातात. सासूबाईंना हे धाडस करायला लावण्यापेक्षा सिग्नलजवळचे हॉटेल घेतलेले बरे.

जेवणातला खरा अडथळा मासळीच्या सॉसचा आहे, कारण तो परतलेल्या पालेभाजीतही सहज पडतो. ‘कोम चाय’ अशी पाटी असलेल्या साध्या खानावळींत बौद्ध पद्धतीचे शाकाहारी जेवण मिळते. पौर्णिमेला आणि चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबे शाकाहार पाळत असल्यामुळे त्या दिवशी तेथे गर्दी असते. गावात भारतीय उपाहारगृहेही आहेत. तरीही मेतकूट आणि खाकरे सोबत असू द्यावेत, हे सांगण्याची गरज नसावी.

प्रश्न : माझे वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. न्हा ट्रांगमध्ये समुद्राखेरीज त्यांना रुचेल असे काही आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भरपूर आहे. टेकडीवरील पो नगर ही चाम राजवटीतील (या किनाऱ्यावरील हिंदू परंपरेच्या जुन्या राज्यातील) विटांची मंदिरे आठव्या शतकापासून उभी राहत गेली. मुख्य मंदिराच्या दारावर महिषासुरमर्दिनी कोरलेली आहे, त्यामुळे तुळजापूर पाहिलेल्या माणसाला ओळख करून द्यावी लागत नाही. देवीची पूजा आजही चालते. आत जाताना अंगभर कपडे हवेत आणि पायऱ्या चढण्याची तयारी हवी.

दुसरे ठिकाण म्हणजे अलेक्झांडर येर्सिन यांचे संग्रहालय. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधून काढल्यावर त्यांनी १८९५ मध्ये न्हा ट्रांगला प्रयोगशाळा उभारली आणि तेथे घोड्यांच्या रक्तापासून प्लेगविरोधी रक्तद्रव तयार केले. तेच घेऊन ते १८९७ मध्ये प्लेगग्रस्त मुंबईत आले होते. हाफकिन यांची लस मुंबईत तयार झाली ती त्याच वर्षी. येर्सिन यांच्या रक्तद्रवाला मात्र मुंबईत अपेक्षेइतके यश आले नाही. संग्रहालयात त्यांची उपकरणे व दुर्बीण मांडलेली आहे. कामकाजाच्या दिवशी सकाळीच जावे.