रविवारी फिरायला आणि ट्रॅकवर पळवायला एकच मस्टँग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सॅक्रामेंटोजवळ फोर्डची १९६६ची व्ही-८ (आठ सिलिंडरची) मस्टँग बघून ठेवली आहे. रविवारी मुलांना घेऊन फिरायचं आणि वर्षातून दोन-तीनदा हिस्टॉरिक रेसिंगला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या शर्यतींना, उतरायचं. एका गाडीत दोन्ही जमेल का, आणि ऑइल कुठलं टाकायचं?

एका गाडीत जमवायला गेलात तर ती धड रविवारची राहत नाही, धड ट्रॅकची होत नाही. मी हा उपद्व्याप चार वर्षं केला आणि शेवटी दुसरी गाडी घेतली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रविवारची गाडी. इंजिनाची फार चिंता करू नका. २८९ घन इंचाचं ते इंजिन साधं आहे आणि त्याचे पार्ट आजही घरपोच येतात. बघायचा तो पत्रा. पुढच्या काचेखाली, वायपरपाशी, हवा आत घेणाऱ्या जाळ्या असतात. त्यांच्या खालच्या पत्र्यावर पानं साचतात, ओल धरते आणि आतल्या आत भोकं पडतात. बाहेरून रंग चकाचक! माझ्या गाडीचं हे गुपित पहिल्या पावसात फुटलं. बायकोच्या पायावर धार लागली आणि ती म्हणाली, "गाडी घेतलीस की पाणपोई?" तो पत्रा बदलायचा तर स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात, दोन हिवाळे त्यातच गेले. गाडी बघायला जाताना पाण्याची बाटली न्या, विचारून दोन्ही जाळ्यांत ओता आणि आतला गालिचा उचलून बघा. विकणाऱ्याने नको म्हटलं तरी उत्तर मिळालंच.

व्हीआयएनचं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचं, पाचवं अक्षरही वाचा. 'सी' म्हणजे २०० अश्वशक्ती, 'ए' म्हणजे २२५, 'के' म्हणजे २७१. 'टी' असेल तर ती मूळची सहा सिलिंडरची, व्ही-८ नंतर बसवलेलं. फिरायला त्याने काही बिघडत नाही, किमतीत मात्र बिघडायला हवं.

मुलं मागे बसणार म्हणता, तर ब्रेकचं काम रंगाच्या आधी. १९६६पर्यंतच्या मस्टँगला ब्रेकचं एकच सर्किट असायचं. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले. पुढचे आणि मागचे ब्रेक वेगळे ठेवणारा दुहेरी मास्टर सिलिंडर १९६७मध्ये आला, तो तुमच्या गाडीलाही बसतो. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: पेट्रोलच्या टाकीचं वरचं झाकण म्हणजेच डिकीची जमीन. मागच्या सीटच्या आणि टाकीच्या मध्ये पोलादी आडोसा टाकून घ्या.

आता ट्रॅक. रोल केज, म्हणजे आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, लागतो. हेल्मेट घातलेल्या डोक्याला तो वाचवतो, पण उघड्या डोक्याशेजारची तीच पोलादी नळी किरकोळ धडकेतही घात करते. अशा गाडीत मी मुलांना बसवणार नाही. फ्युएल सेल (रेसिंगची सुरक्षित टाकी) आली, कडक स्प्रिंगा आल्या, आणि एसएफआय (रेसिंगच्या सुरक्षा-सामानाचं अमेरिकी मानक) शिक्क्याचे सीटचे पट्टे उत्पादनापासून दोन वर्षांत बाद होतात, वापरले नाहीत तरी. रस्त्यासाठीचा विमा बहुतेक वेळा ट्रॅकवर लागू नसतो, तेही वाचून घ्या.

पण खरी गोम वेगळीच आहे. रस्त्यावर ही गाडी सुखाची व्हावी म्हणून माणूस काय करतो? फ्युएल इंजेक्शन, नवं स्टिअरिंग, पाच गिअर, मोठी चाकं. हिस्टॉरिक रेसिंगच्या तपासणीत नेमकं यावरच बोट ठेवतात. तिथे गाडी त्या काळासारखी हवी, टायरसुद्धा बऱ्याच वर्गांत जुन्या बायस-प्लाय जातीचे. रेसर आणि गाड्या बांधणारा कॅरल शेल्बी, त्याची मस्टँगवरूनच बनवलेली १९६५ची जीटी३५० आठवा. एससीसीए या अमेरिकी रेसिंग संघटनेच्या बी-प्रॉडक्शन वर्गात स्पोर्ट्स कार ठरावी म्हणून तिची मागची सीटच काढून टाकली होती. पुढची चाकं धरणारे वरचे कंट्रोल आर्म साधारण एक इंच खाली घेतले होते, आजही मेकॅनिक त्याला 'शेल्बी ड्रॉप'च म्हणतात. त्या गाडीने १९६५ ते १९६७ अशी सलग तीन वर्षं बी-प्रॉडक्शनचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तुमची मस्टँग त्या वाटेने न्यायची तर मुलांची सीट पहिल्याच दिवशी जाते.

म्हणून ट्रॅकसाठी बांधून तयार गाडीच घ्या, लॉगबुकसकट. लॉगबुकात प्रत्येक तपासणीची नोंद असते, ठोकली असेल तर तेही. आधीच्या मालकाने ओतलेला पैसा त्याला पुरता परत मिळत नाही, तो फायदा तुमचा. हिस्टॉरिक ट्रान्स-ॲमच्या, म्हणजे ट्रान्स-ॲम या जुन्या अमेरिकी शर्यत-मालिकेतल्या गाड्यांच्या रेसिंगच्या, नादी मात्र लागू नका. तिथे १९६६ ते १९७२मध्ये खरोखर त्या मालिकेत धावलेलीच गाडी लागते.

मी पहिल्यांदा थंडरहिलच्या ट्रॅकला माझी रविवारचीच गाडी नेली होती, चारही चाकांना ड्रम ब्रेक. तिसऱ्या फेरीत पेडल लाकडासारखं झालं, दाबतोय आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. सरळ मातीत गेलो. तिथे निदान मोकळी जागा होती. लागुना सेका ट्रॅकच्या कॉर्कस्क्रू नावाच्या वळणाला चढ चढत जायचं, पलीकडचं काही दिसत नसताना ब्रेक मारायचा आणि मग रस्ता वळता वळता सुमारे १८ मीटर खाली पडतो. तिथे हे झालं असतं तर हे उत्तर दुसऱ्या कुणाला लिहावं लागलं असतं.

ऑइलचं: जुन्या फ्लॅट टॅपेट कॅमशाफ्टला (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा, सपाट टॅपेटवर घासत फिरणारा दांडा) जस्त आणि फॉस्फरस जास्त असलेलं ऑइल लागतं. आजच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी कमी केलेलं असतं. डब्यावर झेडडीडीपीचं, म्हणजे याच जस्त-फॉस्फरसच्या घटकाचं, प्रमाण बघून घ्या. कॅम नवा असेल तर इंजिन सुरू होताच २,००० आरपीएमच्या वर ठेवायचं, वीसेक मिनिटं, आयडलवर सोडायचं नाही.